सातबाऱ्यावर माझं नाव

दिवाळखोर व्हायलाही आधी फी भरावी लागते, हे मला ती भरेपर्यंत माहीत नव्हतं. इंग्लंडात ही सोय घरबसल्या आहे. संगणकावर अर्ज भरायचा, फी भरायची, आणि दोन-चार दिवसांत कळवतात की आजपासून तुम्ही दिवाळखोर. माझ्याकडे फीचे पैसे नव्हते. हप्त्यांनी भरायची सवलत होती, ती मी घेतली. चार महिने पोटाला चिमटा काढून मी स्वतःच्या दिवाळखोरीसाठी पैसे साठवले. हसू यावं अशीच गोष्ट आहे, पण ती सांगून हसावं असं माणूस जवळ नव्हतं.

मी तिथे हॉटेल काढलं होतं. हॉटेल म्हणजे आपल्याकडे ज्याला हॉटेल म्हणतात ते. सहा टेबलं, दुपारचं जेवण, चहा, भजी. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, वृद्धाश्रमातल्या नोकरीत म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजून मी कंटाळले होते. माझ्या हाताला चव आहे, असं लोक म्हणत. लोकांचं ऐकू नये असं कुणी सांगितलं नाही. समोर एक मोठं ऑफिस होतं, त्याच्या भरवशावर मी गाळा दहा वर्षांच्या कराराने घेतला आणि जामीन म्हणून स्वतःच सही केली. मग त्या ऑफिसातल्या लोकांना घरून काम करायची मुभा मिळाली, आणि दुपारी बारा वाजता माझ्या दारासमोर कबुतरं तेवढी उरली. दीड वर्ष मी क्रेडिट कार्डांवर आचाऱ्याचा आणि वाढणारीचा पगार दिला. शेवटी शटर ओढलं. शटर ओढलं तरी करार चालूच राहतो, हेही मला तेव्हाच कळलं.

घरी सांगितलं नाही. घर म्हणजे अमरावतीला माझा मोठा भाऊ, वहिनी आणि आई. अकोल्याला थोरली बहीण, तिच्या सासरी. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. दर रविवारी दादा व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन आईच्या हातात द्यायचा. गाळ्याची किल्ली परत करेपर्यंत मी रविवारी मुद्दाम तिथे जायची. दिवे लावायची, दोन टेबलांवर स्वच्छ कापड टाकायची आणि त्यांच्यामागे उभं राहून बोलायची. आई विचारायची, "गिऱ्हाईक नाही वं कोनी?" मी म्हणायची, "आताच गेले, आई." किल्ली दिल्यावर मी नेट नीट येत नाही अशी सबब सांगून नुसत्या आवाजावर बोलायला लागले. खोलीत माझ्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसायचा, म्हणून नळ थोडा सोडून ठेवायची. तिकडे भांडी घासल्यासारखं ऐकू जावं, एवढाच हेतू. ते आठवलं की आजही मला माझीच चीड येते.

दिवाळखोरीचा हुकूम झाल्यावर सरकारी अधिकाऱ्याचा फोन आला. बाई होती, वयाने माझ्याहून लहान असावी, आवाज गोड. तिने दोन तास मला माझ्या आयुष्याबद्दल विचारलं. बँकेत किती, घरात काय, अंगावर सोनं किती, गाडी आहे का, कुणाला काही दिलं का, कुणाकडून काही येणं आहे का. घटस्फोट का झाला हेसुद्धा तिने हळूच विचारलं, आणि मी सांगितलं. इतक्या वर्षांत मला इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. दोन तासांनी फोन ठेवताना मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

तिच्या यादीत एक प्रश्न होता, तोच अर्जातही होता. या देशात किंवा दुसऱ्या कुठल्याही देशात जमीन, घर, किंवा त्यात वाटा? मी अर्जात 'नाही' वर खूण केली होती. तिला तोंडी सांगतानाही 'नाही' म्हटलं. खोटं बोलावं असं मनातही नव्हतं. तिवशाकडे आमची अकरा एकर काळी जमीन आहे, त्यात संत्र्याची बाग आहे, विहीर आहे, हे मला ठाऊक होतं. पण ते दादाचं. लहानपणी मी त्या बागेत संत्री वेचलीत, वडिलांच्या मागे शेताच्या धुऱ्यावरून चाललेय, पण ते माझं असू शकतं असा विचार माझ्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. आमच्याकडे मुलीला विचारलं, तुझं शेत कुठं, तर ती सासरचं गाव सांगते. सासर तुटलेलं असेल तर काय सांगायचं, ते कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

पाच महिने गेले. एका रविवारी आईशी बोलणं झाल्यावर दादाने फोन परत घेतला.

"अवं, एक काम हाय तुह्याकडं," तो म्हणाला. "बाबाच्या मागं सातबाऱ्यावर आपल्या सगळ्यायची नावं चढली. आईचं, माहं, ताईचं, तुहं. बागेत गोडाऊन बांधून राहिलो ना, संत्र्याच्या ग्रेडिंगचं. बँक म्हणते, उतारा एका नावाचा आणा. आईनं, ताईनं हक्कसोड करून देल्ली. तुहीच राह्यली."

"माहं नाव?" मी म्हणाले.

"वारसाचं चढतेच ते. तलाठी चढवतो. काही नाही, एक दिवसाचं काम हाय."

आमच्याकडे हे सगळ्याच घरांत होतं. बाप गेला की कायद्याने मुलींची नावं लागतात, आणि मग बहिणी एक दिवस येऊन, सही करून, ती नावं काढून देतात. भाऊ साडीचोळी करतो, पुरणाचा स्वयंपाक होतो, ओटी भरतात. बहिणीने मागितलं तर माहेर तुटलं. हे कुणी बोलून दाखवत नाही, तशी गरजच पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले, कारण माझ्या फोनवर ते पान नीट उघडत नव्हतं. जिल्हा अमरावती, तालुका तिवसा, गाव, गट नंबर. उतारा समोर आला. आईचं, ताईचं नाव अजून उतरायचं होतं; चार नावांत शेवटचं माझं होतं, लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट. माझ्या बाजूला एक गोरा म्हातारा पेपर वाचत होता, नाहीतर मी मोठ्याने वाचलं असतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मिनिटभर मी शेतकरी होते. पगाराची नोकरी, भाड्याची खोली, मोडलेला संसार, बुडालेलं हॉटेल, या सगळ्याच्या आधीपासून कुठेतरी काळ्या मातीत माझं नाव होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्या अर्जावरची खूण आठवली आणि मी ते पान बंद केलं.

अधिकारी बाईला कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. आज करू, उद्या करू असं म्हणत राहिले. मध्येच दादाने मला न विचारता तिकीट काढलं. "धंदा सोडून येनं होत नाही तुले, समजते मले," तो म्हणाला, "पन पंधरा दिवस ये. तिकिटाचं मी पाह्यलं." मी वृद्धाश्रमातली रजा मागून घेतली. तिथेच मी पुन्हा लागले होते, हेही घरी माहीत नव्हतं. आणि विमानात बसले तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की सही करून यायचं. तिवशाच्या कचेरीतला मराठी कागद तिकडे कोण वाचणार होतं?

मुंबईहून येणारी गाडी आधी अकोल्याला थांबते. मी तिथेच उतरले, दोन दिवस बहिणीकडे राहिले. ताईने स्टेशनवरून घरी नेलं, आंघोळीला पाणी काढलं, आणि माझे केस पुसताना म्हणाली, "किती वाळली वं तू! हॉटेलात सगळ्यायले खाऊ घालते अन् सोता उपाशी राह्यते का?" मी म्हणाले, तिकडे सगळे असेच असतात.

संध्याकाळी तिने कपाटातून साडी काढून दाखवली. हक्कसोडीची. जांभळी, चांगली जड. "तुह्यासाठी हिरवी आनली म्हणे त्यानं," ती म्हणाली. "मी सकाळच्या गाडीनं गेली, सही केली, पुरनपोळी खाल्ली, संध्याकाळी घरी. तुह्या भाऊजीसाठी सैपाक कराचा होता." मग साडीची घडी घालताना म्हणाली, "नाव होतं हे मले त्याच दिवशी समजलं. नाव हाय म्हणून सांगतलं अन् काढाले लावलं, एकाच दमात."

"तुले काही वाटलं नाही?"

"काय वाटाचं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबायच्या हातचं काहीतरी असते, एवढंच वाटलं. पन भावाले नाही म्हणून जाचं कोठं आपन?"

त्या वेळी सांगायचं होतं. ती माझी सख्खी बहीण, माझ्या केसांत हात घालून बसलेली. मी तोंड उघडलंही. पण आत तिच्या सासूने टीव्हीचा आवाज कमी केला, आणि मला वाटलं, कान इकडेच आहेत. मी पाणी मागितलं. सासू फक्त रिमोट शोधत होती, हे नंतर दिसलं. पण निमित्त गेलं ते गेलंच, आणि दुसऱ्या दिवशी ताईने मला एस.टी.त बसवून दिलं.

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. रस्ता ओळखीचा, शेतं ओळखीची, तूर काढून झालेली. माझ्याच मुलखात मी बाजूच्या बाईच्या साध्या बोलण्याला भीत होते. तिने विचारलं, "कोनच्या गावच्या तुमी?" आणि मी 'अमरावतीच्या' म्हणताना घुटमळले.

दादाने स्टँडवरच गाठलं. त्याने नवीन चष्मा घेतला होता, मिशी पांढरी झाली होती. घरी जाताना कोपऱ्यावरच्या किराणावाल्याजवळ गाडी मुद्दाम हळू केली. "बहीन हाय माही," तो म्हणाला. "लंडनले सोताचं हॉटेल हाय तिचं." माझं गाव लंडनपासून चार तासांवर आहे, पण दादासाठी सगळं इंग्लंड लंडनच. किराणावाल्याने हात जोडले. मीही जोडले. त्यानंतरच्या चार दिवसांत शेजारच्या दोन पोरींना परदेशी शिकायला पाठवावं की नाही, हे त्यांच्या आईबापांनी मला येऊन विचारलं. मी सल्ला दिला. चहा पिऊन ते समाधानाने गेले.

चार दिवस घरात माझे लाड झाले. वहिनीने गिला वडा केला, मला आवडतो म्हणून. आई सारखी जवळ येऊन बसायची आणि काही बोलायची नाही. दादा मला बागेत घेऊन गेला. मृग बहाराची संत्री झाडावर होती. गोडाऊनच्या पायाची आखणी चुन्याने केलेली होती आणि तो त्या चुन्याच्या रेघांच्या आत उभा राहून मला दार कुठे, वजनकाटा कुठे, ट्रक कुठून फिरणार ते दाखवत होता. व्यापारी कसे लुटतात, आणि आपण प्रतवारी करून विकली तर कसे दीडपट पैसे येतील, ते सांगत होता. मला त्याचं इतकं बरं वाटलं की, त्या क्षणी कागद समोर असता तर मी डोळे मिटून सही केली असती. मला त्याच्याकडून जमीन नको होती. रविवारचा फोन हवा होता, दिवाळीत येऊन राहायला ही खोली हवी होती, मेल्यावर कळवायला एक पत्ता हवा होता. जगात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

पाचव्या दिवशी आम्ही तिवशाला गेलो. आई आली नाही, तिचे गुडघे दुखत होते. घरी पुरण शिजायला टाकलेलं होतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर कागद लिहिणाऱ्यांची टेबलं असतात, त्यातल्या एकाकडे आमचा दस्त तयार होता. तो माणूस चाळीस वर्षं हेच करत असावा. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि दस्त वाचून दाखवायला सुरुवात केली, कारण ऐकल्याशिवाय सही घेत नाही म्हणाला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस नाला. कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. मी मान हलवत होते. मग तो म्हणाला, "सदर मिळकतीतील माझ्या हिश्शावर कोणत्याही प्रकारचा बोजा, जप्ती, किंवा कोणत्याही न्यायालयाचा अथवा प्राधिकाऱ्याचा हुकूम नाही. तसे आढळल्यास त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू देणार नाही."

"पुन्हा वाचा," मी म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं. दादा हसला. "नेहमीचंच असते ते," तो म्हणाला.

इंग्लंडातल्या अर्जावर मी खूण केली तेव्हा मला माहीत नव्हतं. इथे माहीत होतं. माझ्या हिश्शावर हुकूम होता, माझ्या सगळ्यावरच होता. आणि हा कागद दादा बँकेत नेणार होता, त्याच्यावर कर्ज काढणार होता, त्या चुन्याच्या रेघांवर भिंती उभ्या करणार होता. उद्या कधी उघडकीला आलं, तर माझं जे व्हायचं ते होईल, पण खोट्या कागदावर गोडाऊन त्याचं उभं असेल. मी पेन टेबलावर ठेवला.

"दादा," मी म्हणाले, "मले सही करता येत नाही."

दस्त लिहिणाऱ्याने चष्मा खाली घेतला. त्याने अशा बहिणी पाहिल्या असतील. त्याच्या तोंडावर जे आलं ते मला दिसलं, आणि दादाच्या तोंडावरही तेच आलेलं होतं. हिला वाटा पाहिजे.

"तसं नाही," मी म्हणाले. "बाहीर चाल."

समोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर मी त्याला सांगितलं. हॉटेल बंद झालं, कार्डं, करार, हुकूम, अर्जावरची खूण, अधिकारी बाई. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हुकूम होऊन आठ महिने झाले होते. दादाने चहा हातात धरला होता, प्यायला नाही.

"मंग हॉटेल?" त्याने विचारलं.

"नाही ना. बंद हाय."

"म्हणजे रविवारी तू..."

"हो."

नागपूरकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. मला वाटलं तो गोडाऊनचं विचारेल, बँकेचं विचारेल, आता काय करायचं ते विचारेल. त्याने विचारलं, "ते बाई तुह्याशी किती बोलली म्हणतं?"

"दोन तास."

"तिले सारं सांगतलं? घटस्फोटाचंबी?"

"तिनं इचारलं म्हणून."

"तुहा घटस्फोट कायनं झाला हे मले आजपर्यंत मालूम नाही," दादा म्हणाला. "मी तुहा सख्खा भाऊ. त्या परक्या बाईले दोन तास सांगतलं, अन् मले आठ महिने हॉटेल दाखोलं. मी काय खाऊन टाकत होतो का तुले? पैसे पाठोले असते. बाग इकली असती पाह्यजे तर."

त्याचा आवाज फाटला. लोक बघायला लागले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याचं खरं होतं, अगदी खरं होतं. पण माझं तोंड पहिल्यापासून वाईट, आणि आठ महिन्यांचं साचलेलं होतं.

"अन् तू?" मी म्हणाले. "नाव लागून तीन वर्षं झाली, दादा. दर रविवारी बोलतो ना आपन? एकदा तरी सांगतलं, का बाप्पा तुहं नाव हाय इथं? काढाचं होतं तवा सांगतलं. तू सांगतलं असतं तर मी तिथं खरं लिहिलं असतं."

त्याने चहाचा कप बाकावर ठेवला. "चाल," तो म्हणाला. दस्त लिहिणाऱ्याला त्याने ठरलेले पैसे दिले, कागद घडी करून खिशात घातला, आणि गाडी अमरावतीच्या रस्त्याला लावली.

पुरणपोळ्या झाल्या होत्या. वहिनीने वाढल्या, आम्ही खाल्ल्या. दादाने आईला दोन वाक्यांत सांगितलं आणि तो बाहेर निघून गेला. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. तिने मला जवळ बोलावलं, वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "त्या बाईनं तुले काय काय इचारलं?"

मी सांगितलं. सोनं, भांडी, जमीन, घर, कुणाचं देणं, कुणाचं येणं. तुमचं म्हणून जे काही आहे ते सगळं सांगा, असं.

आईने ते नीट ऐकून घेतलं. "मले आजलोग कोनी इचारलं नाही, का बाई तुहं काय हाय म्हणून," ती म्हणाली. मग म्हणाली, "घेवाले इचारलं का असेना." आणि तिने वहिनीला गुडघ्याला लावायचं तेल मागितलं.

बाकीचे दिवस सगळे माझ्याशी नीट वागले. नीट वागणंच जास्त झालं. वहिनी मला 'ताई, तुमी बसा' म्हणायला लागली, स्वयंपाकघरात येऊ देईना. दादा सकाळी शेतात जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. जायच्या दिवशी त्याने मला बडनेऱ्याला गाडीत बसवलं, बॅग सीटखाली सरकवली, पाण्याची बाटली आणून दिली. "तिले सांगून दे," तो म्हणाला, "जे कायद्यात बसते ते करू आपन." गाडी सुटायला वेळ होता, तरी तो उतरला आणि जिन्याकडे चालायला लागला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही, तो वळेल म्हणून थांबले.

परत गेल्यावर मी अधिकारी बाईला फोन केला. मला जमिनीत वाटा आहे, म्हणाले, आणि ते मला माहीत नव्हतं.

"तुमच्या मालकीची जमीन आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

मी समजावत बसले. कायद्याने आहे पण खरी नाही. म्हणजे आहे, पण घेत नाहीत. म्हणजे घेता येते, पण मग बाकीचं जातं. तिने खूप समजून घ्यायचा प्रयत्न केला. "बाकीचं म्हणजे कोणती मालमत्ता?" तिने विचारलं, आणि ती कागदावर लिहून घ्यायला तयार होती. तिने मला फसवणारी ठरवलं नाही, एवढे तिचे उपकार. वाटा आता माझा नाही, सरकारी ताब्यात आहे, मला तो सोडता येणार नाही, पण कुटुंबाला हवा असेल तर सरकारी दराने किंमत भरून विकत घेता येईल, असं तिने सांगितलं. ते मी दादाला लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे. पत्र पाठवायला सांग.'

रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी केला तर वहिनी उचलायची, तब्येत विचारायची, ते शेतात गेलेत म्हणायची. आई ताईकडे अकोल्याला गेली की तिथून बोलायची. तिच्याकडूनच कळलं की गोडाऊनचं यंदा राहिलं, पैसे दुसरीकडे लागले. कुठे लागले हे आईने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दादाने पैसे भरल्याचं पत्र मला तिकडच्या सरकारकडून आलं. मग हक्कसोडीची परवानगी आली, मी वकिलातीत जाऊन सही केली, कागद पोस्टाने अमरावतीला पाठवला. पोचल्याचा निरोप आला नाही. एक दिवस मी वाचनालयात जाऊन उतारा उघडला, तेव्हा त्यावर दादाचं एकट्याचं नाव होतं.

त्यानंतर महिन्याभराने अधिकारी बाईचा शेवटचा फोन आला. माझी फाईल बंद होत होती, दोन तारखा तेवढ्या तपासायच्या होत्या. त्या तपासून झाल्यावर ती म्हणाली, नियमात बसत नाही, पण मला एक सांगावंसं वाटतं. अशा प्रकरणात नातेवाईक घासाघीस करतात, वकील लावतात, वर्षं घालवतात. तुमच्या भावाने एका पत्रावर सगळी रक्कम भरली, एक पैसा कमी करून मागितला नाही. मी इतकी प्रकरणं पाहिली, असं फार कमी वेळा होतं.

"तुमचं घर फार एकमेकांना धरून दिसतं," ती म्हणाली.

दादाचा आवाज ऐकून तेव्हा सात महिने झाले होते.

"हो," मी म्हणाले. "आहे."